एका मिनिटाची उसंत

‘सेव्ह्ड बाय द बेल’ हा इंग्रजी वाक्प्रचार आमच्या विद्यार्थ्यांस शिकवावा लागत नाहीं. तो त्यांस आपोआप येतो. शिक्षकांनीं गणिताचा अवघड प्रश्न विचारावा, ज्याला विचारला त्यानें छताकडे पाहूं लागावें, आणि नेमकी त्याच क्षणीं तास संपल्याची घंटा व्हावी, म्हणजे मागच्या बाकावरून कोणी तरी हे शब्द हळूच उच्चारतोच. ‘घंटेनें वांचविलें’ हा त्यांचा सरळ अर्थ. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही आपली म्हण त्याच्या पुष्कळ जवळ जाते. भेद एवढाच कीं, वेळ कोण ठरवितो हें मराठी म्हण सांगत नाहीं. इंग्रजी वाक्प्रचारांतला वेळ ठरविणारा मात्र हातांत घड्याळ घेऊन रिंगणाच्या कडेला बसलेला असतो. कारण हे शब्द मुष्टियुद्धाच्या रिंगणांतून आलेले आहेत.

त्यांच्या उगमाविषयीं दुसरी एक भयंकर कथा पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते. पूर्वीं इंग्लंडांत माणूस चुकून जिवंत पुरला जाण्याची भीति असे, म्हणून शवपेटींतून वर दोरी आणून तिला घंटा बांधीत, आणि शुद्धीवर आलेला मनुष्य ती वाजवून वांचे, अशी ती कथा. तशा पेट्यांच्या योजना १९ व्या शतकांत निघाल्या होत्या हें खरें. पण आपला वाक्प्रचार त्यांच्यापासून निघाला याला कांहीं आधार नाहीं. त्याचे जुने दाखले सांपडतात ते त्या शतकाच्या अखेरीच्या मुष्टियुद्धांच्या वृत्तांतांत. तेव्हां थडग्याकडे न जातां आपण रिंगणाकडेच वळूं, आणि घंटा खरोखर कोणाला व कितपत वांचविते तें पाहूं.

आपल्या कुस्तींत पाठ मातीला लागली कीं निकाल झाला. मुष्टियुद्धांत पडणें म्हणजे हरणें नव्हे. पडून वेळेंत न उठणें म्हणजे हरणें. ही वेळ कशी मोजावयाची यावर या खेळाचा सारा इतिहास फिरला आहे. इ. स. १७४३ मध्यें लंडनच्या जॅक ब्रॉटन या नामांकित मुष्टियोद्ध्यानें जे नियम घालून दिले, त्यांत घड्याळानें मोजलेली फेरी नव्हतीच. दोघांपैकीं एक जण खालीं पडला कीं फेरी संपली. मग त्याच्या साथीदारानें त्याला उचलावें, सांवरावें, आणि अर्ध्या मिनिटांत मध्यभागीं खडूनें आंखलेल्या चौकोनाशीं आणून उभें करावें. तें साधलें नाहीं तर तो हरला. म्हणजे त्या काळीं पडणें हीच घंटा होती. याचा जो परिणाम व्हावयाचा तो झाला. धूर्त लढवय्ये ठोसा न लागतांच गुडघे टेकूं लागले, कां कीं तेवढीच अर्ध्या मिनिटाची विश्रांति! तेव्हां पुढें १८३८ च्या लंडनच्या नियमांत, माराशिवाय खालीं पडणें हा दोष ठरविण्यांत आला. या पद्धतीच्या झुंजी किती लांबत याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. ८ जुलै १८८९ रोजीं अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत जॉन सलिव्हन व जेक किलरेन हे दोघे उघड्या मुठींनीं लढले; ती झुंज ७५ फेऱ्या, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ चालली.

दरम्यान १८६७ सालीं नवे बारा नियम प्रसिद्ध झाले होते. ते रचले जॉन ग्रॅहॅम चेंबर्स या गृहस्थानें. पण मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी या सरदारानें त्यांस आपला आश्रय दिल्यामुळें जगांत ते क्वीन्सबेरीचे नियम म्हणूनच ओळखले जातात. श्रम एकाचे व नांव दुसऱ्याचें, हा प्रकार कांहीं आजचा नव्हे. या नियमांनीं हातांत मोजे आले, तीन मिनिटांची फेरी आली, दोन फेऱ्यांमध्यें एक मिनिटाची विश्रांति आली, आणि पडलेल्या माणसानें कोणाच्याही मदतीशिवाय दहा सेकंदांत उठलें पाहिजे असें ठरलें.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. या नियमांनीं रिंगणांत एकाच वेळीं दोन घड्याळें चालूं केलीं. एक तीन मिनिटांचें, तें दोघांसाठीं. दुसरें दहा सेकंदांचें, तें पडलेल्यासाठीं. आतां समजा, फेरीचे चारच सेकंद उरले असतां एक जण कोसळला. पंच मोजूं लागला. एक, दोन, तीन, चार, आणि घंटा वाजली. कोणतें घड्याळ श्रेष्ठ मानावयाचें? पुष्कळ काळपर्यंत उत्तर असें दिलें जात असे कीं, फेरी संपली म्हणजे मोजणीही संपली. मग पडलेल्याच्या बाजूचे लोक आंत येत, त्याला हातांनीं धरून कोपऱ्यांतल्या स्टुलावर बसवीत, आणि दहा सेकंदांच्या जागीं त्याला एक संपूर्ण मिनिट मिळे.

याचें अतिशय प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील ओहायो राज्यांतल्या टोलेडो शहरीं, ४ जुलै १९१९ रोजीं घडलें. जगज्जेता जेस विलर्ड हा साडेसहा फूट उंचीचा, सुमारे २४५ पौंड वजनाचा धिप्पाड पुरुष, वय ३७ वर्षें. त्याचा प्रतिस्पर्धी जॅक डेम्प्सी २४ वर्षांचा आणि वजनानें त्याच्याहून जवळ जवळ ६० पौंडांनीं हलका. विलर्ड यानें १९१५ सालीं हॅव्हाना येथें जॅक जॉन्सन यास २६ व्या फेरींत पाडून जगज्जेतेपद मिळविलें होतें, तेव्हां हा लहानसा तरुण त्याचें काय करणार असें अनेकांस वाटत होतें. पहिल्याच फेरींत त्या तरुणानें त्याला सात वेळां जमिनीवर लोळविलें. त्या काळीं पाडणाऱ्यानें दूरच्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहावें असा दंडक पाळला जात नसे. त्यामुळें विलर्ड उठूं लागला कीं शेजारींच उभा असलेला डेम्प्सी त्याला पुन्हां ठोसा देई. सातव्या वेळीं विलर्ड उठेना. पंच ऑली पेकर्ड यानें दहा अंक पूर्ण मोजले, आणि डेम्प्सी विजयी झाला असें समजून लोकांनीं एकच गर्जना केली. डेम्प्सी तर दोर ओलांडून रिंगणाबाहेर चालूंही लागला. परंतु मोजणी पुरी होण्याच्या आधींच फेरीची तीन मिनिटें भरलीं होतीं, आणि त्या गदारोळांत पंचास त्याचा पत्ता लागला नव्हता! वेळ पाहणाऱ्या वॉरन बार्बर या गृहस्थानें (हाच पुढें अमेरिकेच्या सिनेटचा सभासद झाला) तें निदर्शनास आणलें. डेम्प्सीला हांका मारून परत बोलवावें लागलें.

नियमाप्रमाणें विलर्ड वांचला. पण कसला वांचला! त्याला आणखी दोन फेऱ्या तसाच मार खावा लागला, आणि चौथी फेरी सुरू होण्यापूर्वीं त्याच्या साथीदारांनीं टॉवेल टाकून हार कबूल केली. घंटेनें त्याचें पद वांचविलें नाहीं कीं शरीरही वांचविलें नाहीं. पराभव मात्र दोन फेऱ्या पुढें ढकलला. या झुंजीचा वृत्तांत वाचतांना आम्हांस नेहमीं असें वाटतें कीं, त्या दिवशीं पंचाची मोजणीच ग्राह्य ठरली असती तर विलर्डवर मोठे उपकार झाले असते.

याच्या उलट, घंटेमुळें मिळालेल्या मिनिटानें एका माणसाचें सारें पुढील आयुष्य बदललें असें म्हणतां येईल, अशी झुंज लंडन येथें वेंब्ली मैदानावर १८ जून १९६३ रोजीं झाली. एका बाजूस अमेरिकेचा कॅशियस क्ले, वय २१, तोंडाचा अत्यंत बोलका. दुसऱ्या बाजूस इंग्लंडचा लाडका हेन्री कूपर, वय २९, स्वभावानें सौम्य, डाव्या हातानें घणासारखा ठोसा मारणारा. कूपरचें एकच दुर्दैव होतें. त्याच्या भुंवयांवरील कातडी नाजूक असून लवकर फाटत असे. पांचव्या फेरींत आपण निकाल लावूं असें क्लेनें आगाऊ जाहीर करून ठेविलें होतें, आणि चौथ्या फेरीपर्यंत सारें त्याच्या म्हणण्याप्रमाणेंच चाललें होतें. कूपरच्या डोळ्यावरून रक्त वाहत होतें, क्ले हात खालीं सोडून ऐटींत नाचत होता. इतक्यांत, चौथी फेरी संपावयास अवघे कांहीं सेकंद उरले असतां, कूपरचा डावा ठोसा क्लेच्या जबड्यावर बसला. क्ले दोरांवर आदळून खालीं सरकला. तो लगेच उठला खरा, पण त्याच्या नजरेंत ओळख राहिली नव्हती. फेरीचें अर्धें मिनिट जरी शिल्लक असतें, तर कूपरला आणखी एकच ठोसा लगावणें पुरलें असतें असें त्या वेळीं तेथें हजर असलेले पुष्कळ लोक पुढें म्हणत राहिले. पण तेवढ्यांत घंटा झाली.

कोपऱ्यांत क्लेचा शिक्षक अँजेलो डंडी होता. क्ले बसतो न बसतो तोंच डंडी कामाला लागला. पायांवर चापट्या, पाणी, बर्फ, आणि नाकाशीं झोंबरें हुंगविण्याचें औषध. हें शेवटचें तर ब्रिटनमधील नियमांस सोडून होतें. त्याशिवाय त्यानें आणखी एक गोष्ट केली. क्लेच्या एका मोज्याची शिवण आधींच थोडी उसवली होती. ती चीर आपण बोटानें वाढविली व पंचाला बोलावून दाखविली, असें पुढें खुद्द डंडीनेंच हंसत हंसत सांगितलें आहे. दुसरे मोजे मिळतात कीं काय याचा शोध झाला. ते मिळाले नाहींत, आणि त्याच मोज्यांनीं झुंज पुढें चालली. या गडबडींत क्लेला तीन चार मिनिटें अधिक मिळालीं, अशी दंतकथा इंग्लंडांत कित्येक वर्षें चालत आली. चित्रपटाच्या फितीवरून वेळ मोजून पाहतां जास्तीचे सेकंद फारच थोडे निघतात. लोकांस आपल्या आवडत्या वीराच्या पराजयाचें कारण मोठें असलेलें बरें वाटतें, एवढाच याचा अर्थ.

पांचव्या फेरींत क्ले सावध होऊन आला आणि त्यानें कूपरच्या जखमेवरच नेम धरला. रक्त इतकें वाहूं लागलें कीं पंच टॉमी लिटल यानें झुंज थांबविली. भविष्य खरें ठरलें. पुढील वर्षीं, २५ फेब्रुवारी १९६४ रोजीं, क्लेनें सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळविलें, आणि थोड्याच दिवसांत महंमद अली या नांवानें तो साऱ्या जगास ठाऊक झाला. वेंब्लीच्या त्या चौथ्या फेरींत कूपरचा ठोसा एक मिनिट आधीं बसला असता तर काय झालें असतें, हा प्रश्न इंग्रज लोक अद्याप एकमेकांस विचारतात.

आतां या मिनिटाकडे अधिक बारकाईनें पाहिलें पाहिजे. तें मुळांत साठ सेकंदांचें नसतेंच. दमलेला माणूस कोपऱ्यापर्यंत चालत येतो त्यांत कांहीं सेकंद जातात. शेवटचे दहा उरले कीं इशारा होतो व साथीदारांस बाहेर पडावें लागतें. उरलेल्या वेळांत एक जण तोंडांतील दांतांचें कवच काढून धुतो, दुसरा जखमेवर औषध दाबून वर व्हॅसलीन लावतो, सुजलेल्या गालावर गार लोखंडाचा तुकडा दाबतो, आणि शिक्षक समोर वांकून दोन तीनच वाक्यें बोलतो. जाणता शिक्षक चौथें वाक्य बोलत नाहीं, कारण तें डोक्यांत शिरणार नसतें.

एवढ्या अवधींत शरीरांत काय सुधारतें? श्वास पुष्कळसा ताळ्यावर येतो. नाडीही बरीच मंदावते. पण मेंदूची गोष्ट निराळी आहे. मेंदू हा कवटींत खिळ्यांनीं ठोकून बसविलेला नसून द्रवांत तरंगता असतो. हनुवटी म्हणजे, पदार्थविज्ञानाच्या भाषेंत, तरफेचें लांबचें टोंक. तेथें बाजूनें ठोसा बसला कीं डोकें एकदम गरकन् फिरतें. कवटी फिरते, पण आंतला मेंदू क्षणभर मागें राहतो, आणि त्यांतील केसाहूनही बारीक तंतूंना ताण व पीळ बसतो. त्यामुळें शुद्ध हरपते, किंवा शुद्ध राहूनही पाय ऐकेनासे होतात. माणूस उठून उभा राहिला, ‘मी ठीक आहें’ म्हणाला, म्हणजे ते तंतू पूर्ववत् झाले असें नव्हे. त्यांस तास लागतात, दिवस लागतात, कधीं आठवडे लागतात. आणि त्या काळांत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षां फार घातक होऊं शकतो. अमेरिकेंतील हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरानें १९२८ सालींच वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून दाखविलें कीं, वर्षानुवर्षें डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल, वाणी व बुद्धि हळूहळू बिघडत जाते.

हें केवळ मुष्टियोद्ध्यांपुरतें नाहीं म्हणून विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथेंच सांगून ठेवितों. फुटबॉल खेळतांना दोघांचीं डोकीं आदळलीं, क्रिकेटचा चेंडू कानशिलावर बसला, आणि मुलगा पाणी पिऊन पुन्हां मैदानांत जावयास निघाला, तर त्या दिवशीं त्याला जाऊं देऊं नये. डोकें दुखणें, उलटी, झोंप अनावर होणें, तोच तो प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर विलंब न लावतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें. ‘मला कांहीं झालें नाहीं’ हें मुलाचें म्हणणें या बाबतींत पुरावा म्हणून धरूं नये. संघ हरत असतां कोणता चांगला मुलगा निराळें म्हणेल?

हाच प्रश्न १ ऑक्टोबर १९७५ रोजीं फिलिपाइन्समध्यें मनिलाजवळ उपस्थित झाला. महंमद अली व जो फ्रेझर यांची ती तिसरी झुंज, उकाडा असह्य, चौदा फेऱ्या होऊन एकच उरली होती. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत चालले होते व येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता. चौदाव्या फेरीची घंटा झाली, तो कोपऱ्यांत येऊन बसला, आणि त्याचा वृद्ध शिक्षक एडी फच यानें झुंज थांबविण्याचें ठरविलें. फ्रेझर विनवण्या करूं लागला, उठूं लागला. फचनें त्याला खालीं बसविलें. रिंगणांतील मारानें मृत्यु पावलेले मुष्टियोद्धे फचनें आपल्या आयुष्यांत पाहिले होते. पलीकडे अलीही इतका थकला होता कीं विजय जाहीर झाल्यावर तो उभा राहिला आणि तेथेंच जमिनीवर टेकला. आणखी एका फेरीनें फ्रेझर कदाचित् जिंकलाही असता, असें म्हणणारे आहेत. डंडीनें बारा वर्षांपूर्वीं लंडनमध्यें आपल्या शिष्याला पुन्हां उभें करण्यासाठीं मिनिटाचा उपयोग केला. फचनें आपल्या शिष्याला उठूं न देण्यासाठीं केला. डंडीची हुशारी वर्तमानपत्रांत अधिक गाजली. आमच्या मतें फचचें काम अधिक कठीण होतें.

मिनिटाचा उपयोग प्रत्येक वेळीं असा होत नाहीं. १३ नोव्हेंबर १९८२ रोजीं लास व्हेगास येथें कोरियाचा किम डुक-कू हा तरुण रे मॅन्सिनीशीं चौदाव्या फेरीपर्यंत लढला. तेरा वेळां घंटा वाजली, तेरा वेळां तो कोपऱ्यांत जाऊन परत आला. चौदाव्या फेरीच्या आरंभींच तो पडला, आणि मेंदूंतील रक्तस्रावानें थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या झुंजी पंधरा फेऱ्यांवरून बारांवर आणण्यास प्रारंभ झाला. घंटेविषयींचा जुना नियमही हळूहळू बदलत गेला. कांहीं ठिकाणीं ती सवलत फक्त शेवटच्या फेरीपुरती ठेवण्यांत आली. आणि अमेरिकेंतील मुष्टियुद्ध-मंडळांनीं एकत्र येऊन केलेल्या नियमांत तर आज असें स्पष्ट आहे कीं, पडलेल्या योद्ध्याला घंटा कोणत्याही फेरींत वांचवूं शकत नाहीं. फेरी संपली तरी पंचानें दहापर्यंत मोजावयाचें. ज्या खेळानें जगाला हा वाक्प्रचार दिला, त्या खेळांतच तो असा निरर्थक होत गेला आहे. वर्गांत मात्र तो खुशाल नांदत आहे.

एक झुंज राहिली. १७ मार्च १९९० रोजीं लास व्हेगास येथें मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेस व अमेरिकेचा मेल्ड्रिक टेलर हे दोघेही अजिंक्य योद्धे समोरासमोर आले. अकरा फेऱ्यांनंतर तीन परीक्षकांपैकीं दोघांच्या गुणपत्रिकेंत टेलर पुष्कळ पुढें होता. बारावी फेरी केवळ उभ्यानें संपविली असती तरी तो जिंकला असता. पण हें त्याला कळण्यास मार्ग नव्हता, आणि त्याच्या कोपऱ्यानेंही त्याला ही फेरी जिंकलीच पाहिजे असें बजावून पाठविलें. तो लढत राहिला. फेरीच्या अगदीं शेवटीं चावेसच्या उजव्या ठोशानें तो खालीं गेला. दोर धरून तो उठला. पंच रिचर्ड स्टील यानें त्याला, तूं ठीक आहेस ना, म्हणून दोनदां विचारलें. टेलरनें उत्तर दिलें नाहीं. त्याची नजर आपल्या कोपऱ्याकडे वळली होती. स्टीलनें हात हालवून झुंज संपविली. त्या वेळीं घड्याळांत दोन सेकंद उरले होते.

त्या दोन सेकंदांवरून आजपर्यंत वाद चालला आहे. कोपऱ्याच्या खांबावरील तांबडा दिवा लागलेला होता, शेवटचे दहा सेकंद चालू आहेत हें त्यावरून पंचाला दिसावयास हवें होतें, दोन सेकंदांत कोणी ठोसाही मारूं शकला नसता, असें एका पक्षाचें म्हणणें. घड्याळ पाहणें हें पंचाचें काम नव्हे, समोरचा माणूस पाहणें हें त्याचें काम, असें दुसऱ्या पक्षाचें. आम्हीं दुसऱ्या पक्षाचे आहों. तरी टेलरचें दुःख आम्हांस कळतें, कारण छत्तीस मिनिटांच्या झुंजींत तो जिंकण्यापासून अवघा दोन सेकंद दूर होता. त्या रात्रीं त्याला रुग्णालयांत नेण्यांत आलें. त्याच्या चेहऱ्याचें हाड मोडलें होतें, आणि त्यानें पुष्कळसें रक्त गिळलें होतें.